भांडण दोघांचे, किंमत तिसऱ्याची

अमेरिकेत १९२० साली झालेल्या जनगणनेने एक गोष्ट प्रथमच आकड्यांनिशी सिद्ध केली. देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा एक्कावन्नहून किंचित जास्त लोक आता शहरांत राहत होते. जनगणना खात्याची शहराची व्याख्या मोठी उदार होती. अडीच हजार किंवा त्याहून अधिक वस्तीचे गाव म्हणजे शहर. या हिशेबाने बाजारपेठेचे एखादे लहान गावही न्यूयॉर्क-शिकागोच्या पंगतीला जाऊन बसत होते. तरीही या आकड्याने जो धक्का दिला तो खराच होता. जेफरसन यांच्या काळापासून शेतकरी हा प्रजासत्ताकाचा कणा, अशी त्या देशाची स्वतःविषयी समजूत होती. हा कणा आता अल्पसंख्य झाला होता.

धक्का केवळ मनाला बसला नाही, सत्तेलाही बसला. घटनेप्रमाणे दर जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहातील जागांची राज्यांमध्ये फेरवाटणी व्हायला हवी. डेट्रॉइटची लोकसंख्या १९१० मध्ये ४ लाख ६६ हजारांच्या आसपास होती, ती दहा वर्षांत ९ लाख ९४ हजारांच्या घरात गेली होती. साहजिकच औद्योगिक राज्यांच्या जागा वाढणार आणि शेतीप्रधान राज्यांच्या घटणार, हे उघड होते. ग्रामीण भागाच्या प्रतिनिधींनी मग हरकती काढल्या. गणती १ जानेवारीला, ऐन हिवाळ्यात झाली. युद्धकाळात कारखान्यांत गेलेली माणसे अजून घरी परतली नव्हती. शहरांत मोजलेले कित्येक जण तर नागरिकही नाहीत. दर वेळी विधेयक कोठे ना कोठे अडले आणि दहा वर्षे फेरवाटणी झालीच नाही. अमेरिकेच्या इतिहासात असे ना आधी घडले होते, ना नंतर घडले. १९२९ मध्ये कायदा झाला आणि १९३० च्या जनगणनेप्रमाणे जागा वाटल्या गेल्या, तेव्हा एकट्या कॅलिफोर्नियाच्या जागा ११ वरून २० झाल्या. यावरून मधल्या काळात किती मतांची किंमत दाबून ठेवली गेली होती, याची कल्पना येईल.

याच काँग्रेसने १९२४ मध्ये परदेशी लोकांच्या प्रवेशावर कोटा घातला, तेव्हा मात्र तिला जनगणनेचे वावडे नव्हते. फक्त तिने १९२० ची जनगणना न घेता १८९० ची घेतली. त्या साली इटली, पोलंड, रशिया येथून आलेले लोक अमेरिकेत थोडे होते, म्हणून त्यांच्या वाट्याला जागाही थोड्या याव्यात हा हेतू. कोणाला मोजायचे आणि कोणत्या सालच्या वहीतून मोजायचे, हा त्या दशकातील खरा राजकीय प्रश्न होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील अमेरिकेची गोष्ट सहसा या शहर-खेडे भांडणाच्या अंगाने सांगितली जाते. एका बाजूला दारूबंदी, बायबल आणि कु क्लक्स क्लॅन; दुसऱ्या बाजूला कारखाने, जाझ आणि विज्ञान. या नाटकाचा कळसाध्याय म्हणजे १९२५ च्या जुलैमध्ये टेनेसी राज्यातील डेटन या छोट्या गावी चाललेला खटला. उत्क्रांतिवाद शिकवला म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकावर आरोप होता. फिर्यादीच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन, म्हणजे ग्रामीण अमेरिकेचा तीन वेळा पराभूत झालेला अध्यक्षीय उमेदवार. बचावाला शिकागोचे क्लॅरन्स डॅरो. आणि या साऱ्याची टिंगल करणारी वार्तापत्रे धाडायला बाल्टिमोरचे एच. एल. मेंकन. खेड्याचे अज्ञान आणि शहराची बुद्धी यांचा हा सामना म्हणून तो आजही सांगितला जातो.

ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. तिच्यात एक मोठा समाज जवळजवळ दिसतच नाही. १९०० साली अमेरिकेतील दर दहा कृष्णवर्णीयांपैकी नऊ जण दक्षिणेत राहत होते आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यात. म्हणजे 'ग्रामीण अमेरिका' या शब्दात त्यांचा हिस्सा मोठा होता. १९२० मध्ये कृष्णवर्णीय शेतकरी सव्वानऊ लाखांच्या घरात होते. परंतु खेड्याची बाजू मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा शेतकरी नव्हता. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये ग्रामीण जीवनाचा अभ्यास करण्यासाठी आयोग नेमला, त्याच्या सात सदस्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. मला असे वाटते की शहर आणि खेडे यांचे ते भांडण बहुतांशी गोऱ्यांचे आपसातले होते. वर्णाची रेषा कोठे ओढायची यावर दोघांचे फारसे दुमत नव्हते. किंबहुना, एकमेकांशी भांडता भांडता या एका मुद्द्यावर त्यांनी वेळोवेळी तडजोड केली आणि तिची किंमत तिसऱ्यानेच मोजली.

आधी खेड्याकडे पाहू. दक्षिणेतील कापसाच्या पट्ट्यात गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, पण जमीन पूर्वीच्याच मालकांकडे राहिली. मुक्त झालेला माणूस ती अर्ध्या वाट्याने, म्हणजे आपल्याकडच्या बटाईने कसू लागला. बियाणे, खेचर, पीठ-मीठ सारे मालकाच्या किंवा पेढीच्या उचलीवर. हंगाम संपला की डिसेंबरात हिशेब व्हायचा आणि वही मालकाच्या हातात असायची. वर्षभर राबून कुळाच्या अंगावर बाकीच निघायची. हिशेब विचारणे हा उद्धटपणा ठरत असे आणि उद्धटपणाची शिक्षा काय, हे सर्वांना ठाऊक होते. गोरा बटाईदारही या चरकात पिळला जात होता, हे विसरता कामा नये. बँका, रेल्वे कंपन्या आणि कापसाचे भाव ठरवणारे बाजार शहरांत होते. खेड्याची शहराविरुद्धची तक्रार काल्पनिक नव्हती.

या तक्रारीतून १८९० च्या दशकात एक वेगळी वाट निघू पाहत होती. जॉर्जियाचे टॉम वॉटसन हे पॉप्युलिस्ट पक्षाचे पुढारी गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना सांगत होते की तुम्हाला वेगळे ठेवले जाते ते वेगवेगळे लुबाडता यावे म्हणून. हे भाषण देणे त्या काळी त्या प्रांतात धाडसाचे होते. पण निवडणुका हरल्यावर वॉटसन यांनी उलटा हिशेब केला. काळ्यांचे मत आहे तोवर त्याची भीती घालून गोऱ्यांना फोडले जाईल. तेव्हा ते मतच काढून टाकावे. १९०६ पर्यंत ते मताधिकार काढून घेण्याचे उघड समर्थक झाले होते आणि १९२० मध्ये सिनेटवर निवडून आले तेव्हा वंशद्वेष हेच त्यांचे भांडवल उरले होते. ग्रामीण चळवळीची ही शोकांतिका एका माणसापुरती नाही. सावकाराशी लढण्याऐवजी शेजारच्या दुबळ्यावर स्वार होणे सोपे असते आणि सावकारालाही तेच हवे असते.

मताधिकार कसा काढला गेला, हे लुइझियानाच्या आकड्यांतून दिसते. १८९६ मध्ये तेथे १ लाख ३० हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १८९८ मध्ये राज्याची नवी घटना आली. साक्षरतेची परीक्षा, मालमत्तेची अट, मतदान कर असे अडसर आले. १९०४ मध्ये यादीत उरले १,३४२. माणसे होती तेथेच होती. जनगणनेत ती मोजली जात होती, त्यांच्या संख्येवर राज्याला प्रतिनिधिगृहात जागाही मिळत होत्या. फक्त त्या जागांवर कोण बसणार, हे ठरवण्याचा हक्क त्यांना नव्हता.

येथेच शहर आणि खेडे यांच्या भांडणाचा खरा कस लागतो. चौदाव्या घटनादुरुस्तीत स्पष्ट तरतूद आहे की जे राज्य प्रौढ पुरुष नागरिकांचा मताधिकार हिरावून घेईल, त्याचे प्रतिनिधित्व त्या प्रमाणात कमी करावे. मॅसेच्युसेट्सचे प्रतिनिधी जॉर्ज टिंकहॅम हे १९२० च्या दशकात फेरवाटणीच्या वादात पुन्हा पुन्हा या कलमाची आठवण करून देत राहिले. उत्तरेतील औद्योगिक राज्यांना जागा हव्या होत्या. दक्षिणेच्या जागा घटनेप्रमाणेच कमी करता येत होत्या. न्यायाचा आणि स्वार्थाचा असा योग क्वचित जुळतो. पण १९२९ च्या कायद्यात ही तरतूद आली नाही. शहरी राज्यांना आपला वाटा मिळाला. दक्षिणेच्या मताधिकाराला हात लागला नाही. एवढेच नव्हे, राज्यातील मतदारसंघ समान लोकसंख्येचे असावेत ही जुनी अटही त्या कायद्यात गाळली गेली. म्हणजे राज्यांना मिळालेल्या जागा राज्याच्या आत पुन्हा खेड्यांकडे झुकवण्याची मोकळीक राहिली.

जॉर्जियाने तर १९१७ मध्येच याची व्यवस्था करून ठेवली होती. तेथे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मते परगण्यांच्या हिशेबाने मोजली जात. सर्वांत मोठ्या आठ परगण्यांना प्रत्येकी सहा गुण, पुढच्या तिसांना चार आणि उरलेल्या सर्वांना दोन. म्हणजे अटलांटा शहराचा परगणा एकीकडे आणि चिमुकले तीन परगणे दुसरीकडे, तोल सारखाच. १९४६ मध्ये युजीन टॅलमेज यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मते पडूनही गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळाली ती या पद्धतीमुळे, आणि त्यांच्या प्रचाराचा मुख्य सूर गोऱ्यांच्या वर्चस्वाचा होता. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये रद्द केली. खेड्याच्या नावाने शहराचे मत हलके करायचे आणि त्या आडून वर्णवर्चस्व टिकवायचे, अशी ही दुहेरी वीण होती. ग्रामीण हिताचे नाव पुढे केले जाई. पण ज्या खेडुताची कातडी काळी, त्याचे हित त्यात कोठेच नव्हते.

मतपेटी बंद झाल्यावर माणसाजवळ काय उरते? रेल्वेचे तिकीट. बोंड पोखरणारा सोंडकिडा १८९२ मध्ये मेक्सिकोतून टेक्ससमध्ये शिरला आणि वर्षागणिक पूर्वेकडे सरकत कापूस खात गेला. १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटले. त्या वर्षी १२ लाखांहून अधिक परदेशी लोक अमेरिकेत उतरले होते. १९१८ मध्ये ही संख्या १ लाख १० हजारांवर आली. शिकागोचे कत्तलखाने, पिट्सबर्गच्या भट्ट्या, डेट्रॉइटचे मोटार कारखाने माणसांच्या शोधात होते. 'शिकागो डिफेंडर' या रॉबर्ट अॅबट यांच्या पत्राचे अंक पुलमन गाड्यांतील कृष्णवर्णीय पोर्टर दक्षिणेत पोचवत आणि गावोगावी एक जण वाचून दाखवी, दहा ऐकत. १९१० मध्ये शिकागोत ४४,१०३ कृष्णवर्णीय होते, १९२० मध्ये १,०९,४५८ झाले.

ज्यांना या माणसांचा इतका तिटकारा होता, त्यांनी ती जाताना आनंद मानायला हवा होता. झाले उलटे. जॉर्जियातील मेकन शहराने उत्तरेसाठी मजूर गोळा करणाऱ्या मुकादमांवर २५ हजार डॉलरचा परवाना लावला. काही ठिकाणी पोलिसांनी फलाटावरून माणसे हाकलली. दक्षिणेच्या वर्णव्यवस्थेचे मूळ कशात होते, हे यावरून कळते. तिला हा माणूस नकोसा नव्हता. तो स्वस्त, मुका आणि जागच्या जागी हवा होता.

जे गेले नाहीत आणि ज्यांनी तेथेच राहून हिशेब मागितला, त्यांचे काय झाले? आर्कान्सा राज्यातील एलेनजवळ १९१९ च्या सप्टेंबरअखेर बटाईदारांच्या संघटनेची सभा एका चर्चमध्ये भरली होती. कापसाला त्या वर्षी चांगला भाव होता आणि आपला वाटा वकिलामार्फत मागावा, असे त्यांच्या मनात होते. तेथे गोळीबार झाला, एक गोरा माणूस मेला आणि मग आसपासच्या परगण्यांतून आलेल्या सशस्त्र टोळ्यांनी व पाठोपाठ लष्कराने जी कत्तल केली, तिच्यातील मृतांचे अंदाज शंभरापासून काही शेकड्यांपर्यंत आहेत. खटले भरले गेले ते मात्र कृष्णवर्णीयांवर. बारा जणांना फाशीची शिक्षा झाली. जूरींनी काही मिनिटांत निर्णय दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये 'मूर विरुद्ध डेम्पसी' या निकालात जमावाच्या दडपणाखालच्या अशा खटल्याला न्याय म्हणता येणार नाही, हे तत्त्व मान्य केले आणि अखेर ते बारा जण वाचले. खेड्यात हिशेब मागण्याची ही किंमत होती.

आता शहराकडे वळू. डेटनच्या गावकऱ्यांची टर उडवणाऱ्या मेंकन यांच्या बाल्टिमोरनेच १९१० मध्ये वर्णानुसार वस्त्या वेगळ्या करणारा देशातील पहिला नगर-कायदा केला होता. तो करण्यात सुशिक्षित, पुढारलेली, वकील मंडळी होती. असे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये घटनाबाह्य ठरवले, तेव्हा घरमालकांनी खरेदीखतातच अटी घातल्या: हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही. या अटी न्यायालयांतून बजावता येणार नाहीत, असा निकाल यायला १९४८ साल उजाडावे लागले.

शिकागोत कागदाबरोबर बॉम्बही वापरले गेले. जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात तेथे ५८ बॉम्ब फुटले. लक्ष्य बहुतेक वेळा गोऱ्या वस्तीत घर घेणारे कृष्णवर्णीय किंवा त्यांना घर देणारे दलाल. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवराच्या पाण्यात युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा मुलगा तराफ्यावरून खेळत होता. पाण्यात कोणी आखलेली नसलेली, पण सर्वांना माहीत असलेली सीमा ओलांडून तो पलीकडे गेला. त्याच्यावर दगड भिरकावले गेले आणि तो बुडाला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडायचे नाकारले. पुढच्या काही दिवसांत ३८ माणसे मेली; २३ काळी, १५ गोरी. दंगल करणाऱ्यांत टेनेसीचे अडाणी शेतकरी नव्हते, शिकागोतली शहरी पोरे होती.

क्लॅन ही खेड्याची उपज, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. केनेथ जॅक्सन या इतिहासकाराने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की १९२० च्या दशकातील क्लॅनचे मोठे बळ शिकागो, इंडियानापोलिस, डेट्रॉइट, डेन्व्हर अशा शहरांत होते. डेट्रॉइटमध्ये १९२४ साली क्लॅनचा पाठिंबा असलेला उमेदवार महापौर होता होता राहिला.

याच डेट्रॉइटमध्ये डेटनच्या खटल्यानंतर दोन महिन्यांनी, सप्टेंबर १९२५ मध्ये, ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरने गोऱ्या वस्तीत १८,५०० डॉलरला घेतलेल्या घरात पाऊल टाकले. हा फ्लोरिडाच्या खेड्यातून शिकून वर आलेला माणूस. दुसऱ्या रात्री जमावाने घरावर दगडांचा वर्षाव केला, आतून गोळी सुटली आणि एक गोरा माणूस ठार झाला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा आरोप आला. त्यांचा बचाव केला तो डेटनचा खटला लढवून आलेल्या डॅरो यांनीच. पहिल्या खटल्यात जूरींचे एकमत झाले नाही. दुसऱ्यात, १९२६ च्या मे महिन्यात, डॉक्टरांचे भाऊ हेन्री निर्दोष सुटले. एकच वकील, एकच वर्ष. डेटनवर नाटके आणि चित्रपट झाले, ते नाव शाळकरी मुलांना ठाऊक असते. डॉक्टर स्वीट यांचे नाव किती जणांना आठवते? याचे कारण शोधायला लांब जायला नको. डेटनची गोष्ट ऐकताना शहरी वाचकाला आपण बरे आहोत असे वाटते. डेट्रॉइटची गोष्ट ऐकताना ते समाधान मिळत नाही.

राजकीय पक्षांनी हेच केले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन शहरवाले आणि खेडेवाले अशा तटांत फुटले. उमेदवार ठरवायला १०३ वेळा मतदान करावे लागले. क्लॅनचा नाव घेऊन निषेध करावा की नाही, यावर रणे माजली आणि तो ठराव जेमतेम एका मताच्या फरकाने पडला. पण त्या वादात शहरी गटाला मुख्यतः चिंता होती ती कॅथलिक आणि ज्यू मतदारांची. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयाचे मत परत द्यावे, असा ठराव कोणी तेथे मांडलेला नव्हता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. काही झाले तरी शहराने कृष्णवर्णीयांना मत दिले, मजुरी दिली, शाळा दिली. खेड्याने यांपैकी काही दिले नाही. मग दोघांना एकाच मापाने का मोजायचे? एकाच मापाने मोजू नयेच. मिसिसिपीतला बटाईदार शिकागोला जाऊन फसला, असे म्हणणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान होईल. त्याने जाणूनबुजून कमी वाईटाची निवड केली. पण शहराने हे औदार्याने दिले, असे मानणे चूक आहे. शहराने त्याला अनवधानाने एकच गोष्ट दिली, ती म्हणजे संख्या. एका वस्तीत कोंडल्यामुळे हजारो माणसे एका ठिकाणी आली, त्यांची चर्चे, वृत्तपत्रे, संघटना उभ्या राहिल्या आणि मतपेटीत त्यांचा ढीग पडू लागला. पुढचे सारे त्यांनी स्वतः मिळवले.

मराठी वाचकाला हा इतिहास अगदीच परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. त्या काळी दक्षिणेतील कृष्णवर्णीय मत देत होते आणि विधिमंडळांत बसत होते; ती उमेद वाया नव्हती. पुढच्या तीस वर्षांत ते सारे हिरावले गेले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, म्हणजे हे स्थलांतर सुरू होत असतानाच न्यूयॉर्कमध्ये होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतील साम्य नमूद केले. खेड्याविषयी भाबडे प्रेम त्यांनी कधी बाळगले नाही, हे १९४८ मधील घटना समितीतील त्यांच्या भाषणावरून सर्वांना माहीत आहे. अमेरिकेचा अनुभव त्याला एक पुरवणी जोडतो. खेडे सोडणे ही मुक्तीची सुरुवात असू शकते, पण शहरात पोचणे म्हणजे मुक्ती नव्हे.

नॉर्थ कॅरोलायनाचे जॉर्ज व्हाइट १९०१ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले, त्यानंतर २८ वर्षे तेथे एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. १९२९ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट यांनी शपथ घेतली. जन्म अलाबामाचा, मतदारसंघ शिकागोचा. ज्या वर्षी शहरे आणि खेडी यांनी जागांचा तंटा दक्षिणेच्या अन्यायाला हात न लावता मिटवला, त्याच वर्षी हा तिसरा माणूस सभागृहात येऊन बसला. त्याला तेथे शहराने पाठवले नव्हते आणि खेड्यानेही नाही. एका जागी मत नाकारले म्हणून दुसऱ्या जागी जाऊन ज्यांनी ते नोंदवले, त्या माणसांनी त्याला पाठवले होते. त्या काळातील अमेरिकेचा निवाडा करायचा तर तो डेटनच्या कचेरीत कोण जिंकले यावरून न करता, या माणसांना किती लांब चालावे लागले यावरून करायला हवा.